एका टाकाचा ग्रंथ

समर्थ रामदासांच्या दासबोधात एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास लेखनक्रियेवर आहे, आणि ग्रंथलेखनाच्या व्यवसायाचा इतिहास ज्याला जाणून घ्यावयाचा असेल त्याने तो सावकाश वाचावा. अक्षर वाटोळे, सरळ आणि मोकळे असावे. पान शिशाने आखून घ्यावे. ओळीला ओळ लागू नये आणि दोन ओळींमधले अंतर कोठे अधिक-उणे होऊ नये. सभोवती कोरी जागा सोडावी, म्हणजे काळाच्या ओघात कागदाच्या कडा झडल्या तरी अक्षराला धक्का लागत नाही. तरुणपणी नजर तीक्ष्ण असते म्हणून फार बारीक लिहू नये, कारण तेच अक्षर म्हातारपणी वाचता येत नाही. कागद घट्ट आणून खळ देऊन घोटावा, देशोदेशीचे बरू जमवावे, सुऱ्या-कातऱ्या हाताशी ठेवाव्या. इतक्या बारकाव्यांच्या मध्ये समर्थांनी एक अपेक्षा सांगितली आहे. पहिल्या पानावर काढलेल्या पहिल्या अक्षराचे वळण, त्याचे काळेपण आणि टाकाचा जाडेपणा ग्रंथ संपेपर्यंत ढळता कामा नये, सबंध पोथी एकाच टाकाने लिहिली आहे असे पाहणाऱ्याला वाटले पाहिजे. ही अपेक्षा अक्षराविषयीची आहे हे खरे. परंतु ज्या ग्रंथात ती आली आहे त्याची घडण ध्यानात घेतली म्हणजे तिचा रोख अक्षराच्या पलीकडे जातो असे मला वाटते.

दासबोधाचे दशक २०, प्रत्येक दशकाचे समास १०, म्हणजे एकूण समास २००. सहाव्या दशकात कलियुगाची ४७६० वर्षे झाल्याचा उल्लेख आहे. हा काळ इसवी सन १६५९ चा. समर्थांनी देह ठेवला तो १६८१ मध्ये. पहिले सात दशक हा एक स्वतंत्र सलग ग्रंथ असावा आणि पुढचे दशक त्याला कालांतराने जोडले गेले असावे, असे अनेक अभ्यासकांचे मत आहे. तेव्हा वर्षानुवर्षे वाढत गेलेला, राजकारणापासून ब्रह्मनिरूपणापर्यंत सर्व विषयांना स्पर्श करणारा हा ग्रंथ आरंभीच्या समासात आपण काय सांगणार आहोत याची प्रतिज्ञा करतो आणि अखेरच्या समासात दशक-समासांचा हिशेब देऊन थांबतो, आणि या दोन टोकांच्या मध्ये बोलणारा आवाज एकच राहतो. महाडजवळच्या शिवथरघळीत समर्थांनी सांगावे आणि कल्याणस्वामींनी लिहून घ्यावे, अशी परंपरा आहे. परांड्याजवळच्या डोमगावच्या मठातील प्रत कल्याणांच्या हातची व खुद्द समर्थांनी शोधलेली मानतात, आणि तिच्या आधारे धुळ्याचे शंकर श्रीकृष्ण देव यांनी १९०५ साली दासबोध छापून प्रसिद्ध केला. एवढा मोठा ग्रंथ एवढ्या दीर्घ काळात एकजीव कसा राहिला, या प्रश्नाला समर्थांची प्रतिभा हे उत्तर आहेच. पण प्रतिभेच्या शेजारी मांडी घालून बसलेला एक मनुष्य होता, मागच्या दशकात कोणता शब्द कोणत्या अर्थाने आला हे त्याच्या कानात होते, आणि तो पुढचा समास लिहून घेताना अडखळला तर सांगणाऱ्यालाही थांबून पाहावे लागत असेल, हेही उत्तराचे एक अंग आहे. लेखनिकाचे हे काम इतिहासात फारसे नोंदले जात नाही. आज ग्रंथाच्या प्रकरणांचे मसुदे तयार करण्यासाठी कृत्रिम बुद्धिमत्तेचा साहाय्यक लेखकाच्या टेबलावर येऊन बसला असताना ते नोंदणे मला अगत्याचे वाटते.

मराठीतल्या पहिल्या महाग्रंथापासूनच लेखनिक आपल्या साहित्यात उभा आहे. शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली, नेवाशास ज्ञानेश्वरी पूर्ण झाली, आणि ती ज्याने लिहून घेतली त्या सच्चिदानंदबाबांचे नाव ग्रंथाच्या समाप्तीत आदराने आले आहे. १८ अध्याय आणि ९ हजारांच्या घरातल्या ओव्या श्रोत्यांच्या सभेत सांगितल्या जात असताना त्या कागदावर उतरवणारा पुरुष ग्रंथाच्या उपसंहारात सन्मानाने बसवला जावा, यात त्या काळची एक मोठी सभ्यता दिसते. परंतु पहिल्या लेखनिकामागून दुसरा येतो, दुसऱ्यामागून दहावा, आणि प्रत्येक जण आपल्या प्रांताच्या बोलीप्रमाणे, आपल्या समजुतीप्रमाणे शब्दाला थोडासा हात लावतो. पुढे सुमारे ३०० वर्षांनी, शके १५०६ मध्ये, पैठणच्या एकनाथांनी ज्ञानेश्वरीच्या प्रती मिळवून पाठ शुद्ध केला तो एवढ्यासाठीच. त्यांच्या पुढे असलेल्या प्रतींमध्ये अर्थ सोपा करण्याच्या हेतूने घातलेले शब्द होते, चरण होते, आणि काही ठिकाणी संपूर्ण ओव्या होत्या. शोधनाचे काम आटोपल्यावर त्यांनी वाचकांना बजावले की या ग्रंथात कोणी आपल्या पदरची ओवी घातली तर ती अमृताने भरलेल्या ताटात करवंटी ठेवल्यासारखी होईल. एकनाथ स्वतः समर्थ कवी होते, त्यांना ज्ञानेश्वरांसारखी ओवी रचणे कठीण नव्हते, आणि तरीही त्यांनी हा निर्बंध प्रथम स्वतःवर घालून घेतला, म्हणून तो वजनदार ठरला.

महानुभाव पंथाची कथा याहून करुण आहे. चक्रधरस्वामी उत्तरेकडे निघून गेल्यावर म्हाइंभटांनी त्यांच्या लीळा गोळा करण्यास आरंभ केला. ज्याने पाहिले त्याला गाठावे, ज्याने ऐकले त्याला विचारावे, आणि मिळालेली प्रत्येक लीळा रिद्धपूरला नागदेवाचार्यांपुढे ठेवून त्यांच्याकडून खात्री करून घ्यावी, असा त्यांचा क्रम होता. एकांक, पूर्वार्ध व उत्तरार्ध असा तो ग्रंथ सिद्ध झाला. परंतु खिलजीच्या स्वारीच्या धामधुमीत मूळ प्रत नाहीशी झाली आणि शिष्यांना तो आठवून पुन्हा लिहावा लागला. ज्याच्या स्मरणात जसे होते तसे त्याने लिहिले, आणि एका लीळाचरित्राचे अनेक पाठ झाले. पुढच्या लेखकांची प्रामाणिकता मात्र वाखाणण्यासारखी आहे. दोन पाठ जुळले नाहीत तर त्यांनी एक दडपून दुसरा पुढे केला नाही. अमक्याच्या मते असे, तमक्याच्या मते तसे, अशी नोंद त्यांनी ग्रंथातच केली. म्हाइंभटांची चौकशीची पद्धत आणि त्यांच्या मागून आलेल्यांची मतभेद नोंदण्याची पद्धत, या दोहोंना मी मराठी गद्याच्या इतिहासातील अत्यंत मोलाच्या गोष्टी समजतो.

धर्मग्रंथांच्या बाहेर, दप्तरात, हीच चिंता निराळ्या वेषाने वावरत होती. शिवछत्रपतींच्या आज्ञेने रघुनाथ पंडित हणमंते यांनी राज्यव्यवहारकोश सिद्ध करविला. त्यात फारसी व दक्खनी उर्दू वळणाच्या सुमारे १,४०० शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले असून त्याचे राजवर्ग, दुर्गवर्ग, लेखनवर्ग असे १० वर्ग आहेत. या कोशाकडे स्वभाषाभिमानाचे कृत्य म्हणून पाहतात, आणि ते तसे आहेच. परंतु कारकुनाच्या बाजूने पाहिले तर शेकडो हातांनी लिहिल्या जाणाऱ्या पत्रव्यवहारात एका गोष्टीला एकच नाव असावे, रायगडावरच्या पत्रात एक आणि सुभ्याच्या कागदात दुसरे असे होऊ नये, ही त्यातली व्यवहारदृष्टी तितकीच स्पष्ट दिसते. प्रत्यक्षात फारसी शब्द पूर्णपणे गेले नाहीत. पेशवाईच्या अखेरपर्यंत जमाबंदी, वसूल, सनद, तर्जुमा हे शब्द दप्तरात ठाण मांडून बसले होते, कारण कोश ठरवून देतो आणि वहिवाट आपल्या मार्गाने जाते. दप्तराची दुसरी शिस्त अधिक टिकली. कागदाचा मसुदा एकाने करावा, नक्कल दुसऱ्याने करावी, तिसऱ्याने मुळाशी ताडून ती रुजू घालावी, आणि मजकूर जेथे संपतो तेथे मोर्तब व्हावे, म्हणजे त्याखाली कोणी एक ओळही वाढवू शकणार नाही. शिवकालीन पत्रांच्या अखेरीस ‘मर्यादेयं विराजते’ ही छोटी मुद्रा दिसते ती याचसाठी. लिहिणाऱ्याला, नक्कल करणाऱ्याला आणि रुजुवात घेणाऱ्याला वेगळे ठेवणारी ही व्यवस्था कोणा एकाच्या हुशारीवर विसंबून नव्हती, आणि पुण्याच्या पेशवे दप्तरातून गो. स. सरदेसाई यांच्या संपादकत्वाखाली १९३० नंतरच्या अवघ्या काही वर्षांत निवडक कागदांचे ४५ खंड निघू शकले, त्याचे बरेचसे श्रेय त्या जुन्या शिस्तीला दिले पाहिजे.

मुद्रणयुगात लेखनिकाची जागा मुद्रितशोधकाने घेतली. मेजर थॉमस कँडी यांनी मराठीत विरामचिन्हे रूढ केली, मोल्सवर्थ यांचा कोश १८३१ मध्ये आणि त्याची वाढवलेली आवृत्ती १८५७ मध्ये निघाली, आणि या सगळ्यामागे शास्त्रीमंडळींचे श्रम होते. पुढे मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे १४ नियम १९६२ मध्ये आले, १९७२ मध्ये त्यांत ४ मिळवले गेले, आणि ऱ्हस्व-दीर्घापुरता तरी एक सामाईक आधार लेखकांना मिळाला.

परंतु ऱ्हस्व-दीर्घाच्या पलीकडे, अनेकांनी मिळून लिहिलेला मजकूर एका आवाजाचा कसा करावा, हा प्रश्न ज्यांनी अंगावर घेतला त्यांत श्रीधर व्यंकटेश केतकर यांचे नाव प्रथम घ्यावे लागेल. महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे २३ खंड त्यांनी १९२० नंतरच्या दशकात तडीस नेले. हाताशी असलेले बहुतेक साहाय्यक तरुण होते, ग्रंथसंग्रह अपुरा होता, पैशाची चणचण कायमची होती, आणि वेदविद्येपासून विज्ञानाच्या इतिहासापर्यंत सर्व विषय ज्या भाषेत आणायचे तिच्यात त्या विषयांची परिभाषा अर्धीमुर्धी होती. केतकरांनी आरंभीचे ५ प्रस्तावनाखंड स्वतंत्र काढले आणि त्यांत जगाचा, हिंदुस्थानचा व ज्ञानाचा इतिहास एका सूत्रात मांडला, त्यामुळे अकारविल्हे येणाऱ्या पुढच्या खंडांतील शेकडो टिपणांना एक सामाईक भूमी मिळाली. त्याच मंडळीतील यशवंत रामकृष्ण दाते आणि चिंतामण गणेश कर्वे यांनी पुढे महाराष्ट्र शब्दकोश केला. वाईस लक्ष्मणशास्त्री जोशी यांनी मराठी विश्वकोशाची उभारणी केली तेव्हा पहिला खंड बाहेर पडला तो १९७६ मध्ये, परंतु परिभाषासंग्रह त्याच्या आधी, १९७३ मध्ये, वाचकांच्या हाती आला होता. शब्द आधी ठरवावे आणि मग नोंदी छापाव्या, हा क्रम शास्त्रीजींनी धरला. ज्याने दहा प्रकरणांचे पुस्तक लिहिले आहे त्याला या क्रमाचे मोल पटल्यावाचून राहणार नाही.

एकट्याने लिहिलेल्या ग्रंथाचा नमुना म्हणून गीतारहस्य आठवते. एरवी लोकमान्य टिळक केसरीचे अग्रलेख लेखनिकाला सांगत; मंडालेच्या तुरुंगात लेखनिक नव्हता, शाई नव्हती, पृष्ठांवर आकडे घातलेल्या वह्या आणि शिसपेन एवढेच होते. १९१० च्या नोव्हेंबरापासून १९११ च्या मार्चअखेरपर्यंत त्यांनी १५ प्रकरणांचा तो ग्रंथ लिहून काढला. सुटकेनंतर सरकारने वह्या काही काळ अडकवून ठेवल्या तेव्हा ग्रंथ आपल्या डोक्यात आहे, पुन्हा लिहून काढू, अशा अर्थाचे ते बोलले ही आठवण सुप्रसिद्ध आहे. १९१५ मध्ये पुस्तक निघाले. पहिल्या प्रकरणातील प्रतिज्ञा पंधराव्यापर्यंत जशीच्या तशी पोचते याचे कारण वर्षानुवर्षांच्या मननाने सिद्धान्त आधीच बांधून तयार होता, आणि पाच महिन्यांत झाली ती केवळ उतरवणी.

याच्या अगदी उलट प्रकारचा प्रसंग धुळ्याच्या तुरुंगातला. २१ फेब्रुवारी १९३२ ते १९ जून १९३२ या अवधीत दर रविवारी विनोबांनी गीतेच्या एकेका अध्यायावर प्रवचन केले, आणि अठरा रविवारी अठरा अध्याय पुरे झाले. ऐकणाऱ्यांत जमनालाल बजाज होते, इतर सत्याग्रही होते, आणि कागद पुढे ओढून बसलेले साने गुरुजी होते. विनोबांचे बोलणे मोजके, तर्कशुद्ध, दृष्टान्तातही गणिती. गुरुजींची लेखणी भावविवश, ओथंबून वाहणारी. पुढच्याच वर्षी नाशिकच्या तुरुंगात तिने ‘श्यामची आई’ लिहिली, आणि ती वाचल्यावर गीता प्रवचने हाती घेतली म्हणजे थक्क व्हावे लागते. एवढ्या समर्थ लेखकाने दुसऱ्याचे बोलणे लिहून घेताना आपली लेखणी संपूर्ण आवरून धरली. गीता प्रवचनांतील वाक्य विनोबांचे आहे, लय विनोबांची आहे, आणि पहिल्या रविवारी जो बोलला तोच अठराव्या रविवारी बोलतो. हे गुरुजींच्या वेगामुळे साधले असे मी मानत नाही. ज्याचे बोलणे ते लिहीत होते त्याच्याबरोबर ते त्याच भिंतींच्या आत राहत होते, रविवारमधल्या सहा दिवसांतही तोच आवाज ऐकत होते, आणि त्या पुरुषाविषयी त्यांच्या मनात निष्ठा होती. लिहिणाऱ्याने ज्याच्यासाठी लिहायचे त्याच्या सहवासात राहावे ही जी कल्याणस्वामींपासूनची रीत, तिचे विसाव्या शतकातले सर्वोत्तम फळ म्हणजे ते पुस्तक होय.

आता जो नवा साहाय्यक आला आहे त्याला सहवास नाही, आणि माझ्या मते त्याच्याविषयी बोलताना प्रथम हेच सांगितले पाहिजे. २०१७ मध्ये गूगलच्या संशोधकांनी ‘ट्रान्सफॉर्मर’ नावाची रचना मांडली आणि तिच्यावर उभारलेल्या भाषा-प्रारूपांची परंपरा सुरू झाली. ३० नोव्हेंबर २०२२ रोजी ओपनएआय या संस्थेचे चॅटजीपीटी सर्वांस खुले झाले आणि ग्रंथलेखक, वकील, शिक्षक, विद्यार्थी सगळेच त्याच्याकडून मसुदे करवून घेऊ लागले. हे यंत्र मजकुराचे टोकन नावाचे लहान लहान तुकडे करते आणि आतापर्यंत आलेल्या तुकड्यांवरून पुढचा तुकडा कोणता संभवतो हे ठरवत जाते. एका वेळी किती तुकडे त्याच्या दृष्टीपुढे राहू शकतात याला मर्यादा असते. २०२० च्या जीपीटी-३ ला ती २,०४८ टोकनांची होती, म्हणजे इंग्रजी मजकुराची जेमतेम चार-पाच पाने. देवनागरीत एकेका शब्दाचे तुकडे अधिक पडत असल्याने मराठीला त्याहूनही कमी. अशा साहाय्यकाला सहाव्या प्रकरणाला बसवले तर पहिले प्रकरण त्याच्या दृष्टीआड असे. २०२३ मध्ये अँथ्रॉपिकच्या क्लॉडची मर्यादा १ लाखावर गेली, २०२४ च्या आरंभी गूगलने जेमिनीसाठी १० लाखांची घोषणा केली, आणि संपूर्ण ग्रंथ एकदम पुढे ठेवणे शक्य झाले. तथापि पुढे ठेवणे आणि ध्यानात राहणे यांत अंतर राहिलेच. लांब मजकुराचा आरंभ व शेवट अशी प्रारूपे बऱ्यापैकी वापरतात आणि मधल्या भागात असलेली माहिती त्यांच्याकडून अधिक निसटते, असे २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसून आले. शिवाय नवे संभाषण सुरू केले की साहाय्यक बहुधा कोरा असतो. काल कोणता शब्द मुक्रर झाला, कोणते वाक्य कशासाठी खोडले, हे आपण त्याला पुन्हा दिल्याखेरीज त्याला ठाऊक होत नाही.

याचा परिणाम प्रत्यक्ष मसुद्यात कसा दिसतो हे मी जवळून पाहतो आहे, कारण कुलकर्णी-वतनाच्या इतिहासावरील पुस्तकाची प्रकरणे सध्या माझ्या हाती आहेत आणि त्यांच्या मसुद्यांसाठी मी असा साहाय्यक वापरतो. दुसऱ्या प्रकरणात मी ‘रयत’ लिहितो. पुढच्या एखाद्या प्रकरणाचा मसुदा येतो त्यात ‘शेतकरी’ असतो, आणखी पुढे ‘प्रजाजन’. ‘जमाबंदी’ची ‘महसूल निश्चिती’ होते, ‘कारकून’ मावळतो आणि ‘लिपिक’ उगवतो, शक आणि इसवी सन यांची सरमिसळ होऊन कागद ७८ वर्षे मागे ढकलला जातो. दुसऱ्या प्रकरणातले वाक्य मूळ कागदाच्या चालीने लांबत असेल तर सहाव्यातले आखूड, सारख्या लांबीचे, प्रत्येक परिच्छेदाच्या अखेरीस निष्कर्ष बांधणारे होते. शब्द चुकीचा असतो असे नव्हे. तो आजच्या वृत्तपत्राचा असतो. ज्या मजकुरावर ही प्रारूपे घडवली गेली त्यात मराठीचा वाटा लहान आणि मोडी दप्तरांतून आलेल्या जुन्या मराठीचा त्याहूनही लहान, त्यामुळे जे वारंवार आढळते त्याकडे यंत्राचा कल झुकतो आणि प्रत्येक प्रकरण थोडे थोडे करून सर्वांसारखे होत जाते. जुना नकलाकार आपल्या गावच्या बोलीकडे पाठ ओढीत असे, हा साहाय्यक सरासरीकडे ओढतो. एकनाथांच्या पुढे ज्या प्रती होत्या त्यांचा रोग निराळ्या कारणाने पुन्हा उद्भवला आहे एवढाच याचा अर्थ.

म्हणून जे कल्याणस्वामींना सहवासाने मिळाले ते येथे कागदावर लिहून द्यावे लागते, आणि लेखकाला हे काम नवे आहे. आपली परिभाषा ठरवून तिची यादी करणे हे त्यातले सोपे अंग. राज्यव्यवहारकोशापासून विश्वकोशापर्यंत त्याची वाट मळलेली आहे. वतन, मिरास, इनाम, हक्क-लवाजमा यांपैकी कोणता शब्द कोणत्या मर्यादेत वापरायचा, शक आधी द्यायचा की सन आधी, व्यक्तीचे नाव कागदातल्या रूपात ठेवायचे की रूढ रूपात, हे एकदा ठरले की ती यादी प्रत्येक प्रकरणाच्या आधी साहाय्यकापुढे ठेवता येते. प्रत्येक प्रकरण पुरे झाल्यावर त्यात काय सिद्ध केले, काय पुढे ढकलले, वाचकाला कोणते वचन दिले, याचा गोषवारा लेखकाने स्वतः लिहावा आणि पुढच्या प्रकरणाबरोबर जोडावा. गोषवाराही यंत्राकडून करवून घेतला तर निसटलेली गोष्ट कायमची निसटते, आणि सातव्या प्रकरणाला पाचव्यातील वचनाचा पत्ता राहत नाही. अवघड अंग पुढेच आहे. आपली स्वतःची रीत शब्दांत मांडणे, मी वाक्य कोठे लांबवतो, पुरावा आधी देतो की विधान आधी करतो, कोणत्या ठिकाणी मत देण्याचे टाळतो, हे दुसऱ्याला समजेल असे लिहिणे ही गोष्ट टिळकांना कधी करावी लागली नाही आणि विनोबांनाही नाही. मला ती करावी लागली, आणि ती करताना माझ्या गद्याकडे मी जितके निरखून पाहिले तितके पूर्वी पाहिले नव्हते. सूचनांच्या लांबलचक यादीपेक्षा आपल्या हातचे दोन-तीन पुरे परिच्छेद नमुना म्हणून देणे अधिक गुणकारी ठरते, असा माझा अनुभव आहे. पंतोजींनी कित्ता घालून द्यावा आणि मुलाने तो गिरवावा, तसा हा प्रकार.

ज्या कामात हा साहाय्यक खरोखर उपकारक आहे ते काम जुन्या दप्तरात रुजुवात घेणाऱ्याचे होते. सर्व प्रकरणे एकत्र पुढे ठेवून अमुक परगण्याचा उल्लेख कोठे कोठे आला, दोन ठिकाणी आकडा निराळा आहे काय, तिसऱ्या प्रकरणात मृत झालेला वतनदार सहाव्यात सही करतो काय, असे विचारले असता तो न कंटाळता शोधून देतो. दिलेले प्रत्येक उत्तर मुळाशी ताडून पाहावे लागते, कारण नसलेला उल्लेख असल्याचे सांगण्याची चूकही त्याच्याकडून होते. तरी शंकेच्या जागा नजरेस येतात हे थोडे नाही. महाभारताची चिकित्सित आवृत्ती सिद्ध करताना भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात पंडितांनी वर्षानुवर्षे एकेका श्लोकाखाली प्रतिप्रतींचे पाठ मांडले. १९१९ मध्ये आरंभलेले ते कार्य १९६६ मध्ये पुरे झाले. व्यासांनी सांगावे आणि गणपतीने न थांबता लिहावे, परंतु अर्थ समजल्याखेरीज लिहू नये, अशी जी कथा आपण लहानपणापासून ऐकतो ती त्या पंडितांनी प्रतींच्या पुराव्यावरून उत्तरकालीन ठरवली आणि मूळ संहितेतून काढून परिशिष्टात ठेवली. लेखनिकाची सर्वांत प्रसिद्ध कथा अशी एखाद्या अनाम लेखनिकाच्याच हातून ग्रंथात शिरली असावी. आणि ती कोठून आली हे ओळखता आले ते तिच्याशिवाय असलेल्या प्रती जपून राहिल्या होत्या म्हणून.

माझ्या पुस्तकापुरती मी एक वहिवाट ठरवली आहे. साहाय्यकाकडे जाण्यापूर्वीची प्रत आणि त्याच्याकडून आलेला मसुदा हे दोन्ही तारखेसह स्वतंत्र ठेवतो. मी स्वीकारलेले वाक्य, बदललेले वाक्य आणि टाकून दिलेले वाक्य समासात खुणांनी वेगळे करतो. कागदाचा उतारा, सन, नाव आणि आकडा या चार गोष्टी साहाय्यकाच्या मसुद्यातून कधी घेत नाही, त्या मूळ रुमालावरून पुन्हा उतरवतो. परिभाषेची यादी परिशिष्ट म्हणून छापावी आणि प्रस्तावनेत कोणत्या प्रकरणांना यंत्राचे साहाय्य झाले ते प्रकरणवार सांगावे, असे प्रकाशकांशी बोलणे झाले आहे. ज्ञानेश्वरांनी आपल्या लेखनिकाचे नाव समाप्तीत घातले ते कृतज्ञतेने. येथे ते उत्तरदायित्वासाठी घालायचे आहे. उद्या एखाद्या अभ्यासकाला कुलकर्ण्याच्या हक्काविषयीच्या एखाद्या विधानाची शंका आली तर ते विधान कोणाच्या हातून आले, ते रुजू कोणी घातले आणि कोणत्या कागदावरून घातले, हे त्याला पहिल्या प्रकरणापासून अखेरच्यापर्यंत सारख्याच रीतीने काढता आले पाहिजे.